‘माहीत नव्हतं’ एवढ्यावर भागत नाही: नाशिकच्या सराफ, भंगारवाले आणि जुन्या मोबाइलच्या दुकानदारांना खुलं पत्र

प्रति,
सराफ बाजार, भद्रकाली, एमजी रोड आणि अंबड-सातपूर पट्ट्यातले सर्व व्यापारी बंधू-भगिनी,
ज्यांच्या दुकानात लोक जुना माल विकायला आणतात,

स.न.वि.वि.

सिंहस्थ तोंडावर आला आहे. २०२७ मध्ये रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी लाखोंची गर्दी उसळेल. तिच्या मागोमाग पोत ओढणारे, पाकीटमार आणि मोबाइल लांबवणारेही येतील. हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ओढलेली पोत चोर गळ्यात घालून मिरवत नाही, ती त्याला कुठे तरी मोडावीच लागते. तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेल्यापासून तर त्याला आणखीच घाई असते. मग तो तुमच्या काउंटरवर येतो. म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे, पर्वणी उलटून गेल्यावर लिहून उपयोग नाही.

मी इथल्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. चोरीच्या आरोपींसाठी उभा राहिलो आहे, आणि ज्यांच्या दुकानातून चोरीचा माल निघाला असं पोलिसांचं म्हणणं असतं त्या व्यापाऱ्यांसाठीही. मनापासून सांगतो, दोघांत चोराची केस चालवणं सोपं. चोर निदान काय झालं ते वकिलाला तरी सांगतो. व्यापारी समोर बसतो, घाम पुसतो आणि म्हणतो, “साहेब, मला यातलं काहीच माहीत नाही.” खरेदीची वही मागितली की बघतो म्हणतो. ती वही पुन्हा कधी दिसत नाही.

बाजारात दोन समज पक्के बसलेले आहेत. एक, चोरीचा माल दुकानात सापडला की चारशे अकरा, म्हणजे चोरीचा माल घेतल्याचं कलम, लागलंच, आता सुटका नाही. दुसरा, आम्ही पैसे मोजून घेतलं, चोरीचं आहे हे माहीत नव्हतं, म्हणजे आम्ही मोकळे. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्ही तुम्हाला महागात पडतात.

आधी कलमाचा आकडा बदला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुनं ४११ आता कलम ३१७, पोटकलम दोन. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. दरोड्याचा माल जाणूनबुजून घेतला तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाते. असा माल घेण्याचा धंदाच मांडला असेल तरीही तीच. आणखी एक बदल फारसा कुणाच्या लक्षात आलेला नाही. चोरीच्या मालाच्या व्याख्येत पूर्वी चोरी, खंडणी, जबरी चोरी, अपहार आणि विश्वासघात एवढंच होतं. नव्या कायद्याने त्यात फसवणूकही घातली. खोट्या यूपीआय स्क्रीनशॉटवर एका दुकानातून अंगठी उचलली आणि दुसऱ्या गल्लीत मोडली, तर ती अंगठीही आता कायद्याच्या नजरेत चोरीचा माल.

पण ३१७ (२) नीट वाचा. नुसता माल जवळ असणं हा त्यात गुन्हा नाही. तो अप्रामाणिकपणे घेतलेला किंवा ठेवलेला हवा, आणि चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं समजायला पुरेसं कारण असताना. तुमच्या मनात काय होतं ते सरकार पक्षाने सिद्ध करायचं आहे. आता माणसाच्या मनातलं कोण सिद्ध करणार? तिथेच ते गृहीतक पुढे येतं. त्याला तुम्ही घाबरता, पण ते पुरतं वाचलेलं कुणी नसतं.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम ११४. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ११९ झालं, मजकूर जवळपास तसाच. त्याचं पहिलंच उदाहरण असं: चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे चोरीचा माल सापडतो तो एक तर चोर असतो, नाही तर माल चोरीचा आहे हे माहीत असून त्याने तो घेतलेला असतो, जर त्याला त्या मालाचा हिशेब देता आला नाही तर. न्यायालय असं गृहीत धरू शकेल, असं कायदा म्हणतो. धरलंच पाहिजे असं म्हणत नाही. आणि शेवटच्या ‘हिशेब देता आला नाही तर’ या अटीवर तुमची सगळी केस उभी असते.

याच कलमात खाली एक उलटं उदाहरण दिलं आहे. ते तुमच्यापैकी प्रत्येकाला पाठ असायला हवं. चोरीनंतर लगेच एका दुकानदाराच्या गल्ल्यात खूण केलेला रुपया सापडतो. तो नेमका कुणाकडून आला हे त्याला सांगता येत नाही. पण त्याच्या धंद्यात दिवसभर रुपये येतच असतात, आणि हे न्यायालयाने लक्षात घ्यावं. हा कायदा ज्याने लिहिला त्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनच्या डोळ्यांपुढे दीडशे वर्षांपूर्वी दुकानदार होता. मात्र त्याच्या गल्ल्यात रुपया होता, दोन वाट्यांचं मंगळसूत्र नव्हतं. मंगळसूत्र दिवसाकाठी गल्ल्यात शंभरदा येत नाही. ते देणाऱ्याचा चेहरा, निदान नाव, लक्षात राहावं अशी अपेक्षा ठेवली तर न्यायाधीशाचं काही चुकत नाही. रद्दी, सुटं लोखंड, किरकोळ पितळ घेणाऱ्याला या उदाहरणाचा आधार जास्त मिळतो, सराफाला कमी.

चोरीनंतर ‘लवकरच’ म्हणजे किती दिवसांत, असं मला पुष्कळ जण विचारतात. सहा महिने उलटले की सुटलो, अशी एक अफवा सराफ बाजारात कायम फिरत असते. असा काही आकडा कायद्यात नाही. १९८३ च्या ईरभद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात घरातला नोकर खुनानंतर पळाला आणि साधारण वर्षाने सापडला. दागिने त्याच्याकडून मिळाले. तेवढा काळ जाऊनही सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध गृहीतक लागू केलं. वस्तू कुठली आणि ती किती सहज हातोहात फिरते यावर सगळं ठरतं. मोबाइल आठवड्यात तीन हात बदलतो. वज्रटीकेसारखा गळ्यातला दागिना तसा फिरत नाही.

उलट बाजूही सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल वकील घाबरवायलाच बसलाय. १९५४ साली प्रसिद्ध झालेला एक निकाल आहे, त्र्यंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. (आपल्या त्र्यंबकचा त्याच्याशी संबंध नाही.) त्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकार पक्षावर तीन गोष्टी सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली: चोरीचा माल आरोपीच्या ताब्यात होता, त्याआधी तो दुसऱ्या कुणाच्या ताब्यात होता, आणि माल चोरीचा आहे हे आरोपीला माहीत होतं. दागिने सापडले ते शेत उघडं, कुणीही जावं-यावं असं. तेवढ्यावर ते त्र्यंबकच्याच ताब्यात होते असं म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. २०२२ मध्ये शिवकुमार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालातही तेच पुन्हा आलं, की नुसता ताबा पुरत नाही, माहिती सिद्ध व्हायला हवी.

आणि हिशेब द्यायचा म्हणजे तुम्ही स्वतःचं निर्दोषत्व संशयापलीकडे सिद्ध करायचं असंही नाही. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयाने, १९४३ साली गफेलरच्या खटल्यात सांगितलं होतं, की आरोपीचा खुलासा न्यायालयाला पूर्ण पटला नाही तरी चालेल, तो खरा असू शकतो एवढं वाटलं तरी फायदा आरोपीचा. म्हणजे उंबरठा बुटका आहे, पण तो ओलांडावा तर लागतो. खुलासाच नसेल तर काय करणार? आमच्यातलेच काही वकील अशिलाला शिकवतात, “सगळं नाकारा, माल आपला नाहीच म्हणा.” पंचनामा टिकला की हे नाकारणं तुमच्याच अंगावर उलटतं. ‘घेतला, याच्याकडून, या दिवशी, या भावाने’ असं म्हणायची वाट तुम्ही स्वतःच बंद केलेली असते.

आता ज्या विषयासाठी मुळात लिहायला बसलो त्याकडे येतो. भरून देणं.

सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. बाहेरच्या कुठल्या तरी जिल्ह्यातून पथक येतं. सोबत तोंड झाकलेला पोरगा. तो बोट दाखवतो, “इथंच दिलं.” दसरा-दिवाळीचे दिवस, दुकानात चार गिऱ्हाइकं, समोरचे शटरआडून बघतायत. तेवढ्यात एक मध्यस्थ उगवतो (तो कुठून उगवतो हे मला आजवर कळलेलं नाही) आणि हळूच सांगतो, “शेठ, तेवढं वजन भरून द्या, साक्षीदार करून टाकतील. उगाच अब्रूचा प्रश्न.” शेठ आत जातो, तिजोरीतून चोख सोनं काढतो, काट्यावर बरोबर वजन करतो आणि लगड, म्हणजे सोन्याची कांडी, हातात देतो. पंचनाम्यात लिहिलं जातं, की सदर इसमाने चोरीचे दागिने आटवून केलेली लगड स्वखुशीने काढून दिली.

या वाक्याने काय केलं ते बघा. चोरीचा माल तुमच्याकडे होता हे सरकार पक्षाला सिद्ध करायचं होतं, ते तुम्ही सहीनिशी देऊन टाकलंत. वर आटवल्याची कबुली, म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा वास. चोराने पोलिसांपुढे ‘यांना विकलं’ म्हणणं तुमच्याविरुद्ध कबुली म्हणून चालत नाही. त्याच्या बोलण्यातून खरोखर एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग पुराव्यात येतो. तुम्ही नेमकी ती वस्तू पुरवता! मध्यस्थाने दाखवलेलं साक्षीदार होण्याचं आमिष दोषारोपपत्र येईपर्यंत टिकतं की नाही, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

गंमत अशी, की हा पंचनामा सरकार पक्षालाही पुरत नाही. असे कागद उघडून बघा. फिर्यादीत पोतीचं वजन जेवढं लिहिलेलं, लगडीचं वजनही बरोबर तेवढंच, मिलिग्रॅमसुद्धा मागे-पुढे नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी आटणी बघितली आहे त्याला हे हसण्यासारखं वाटेल. पोत आटवली की काळे मणी जातात, दोरा जातो, डाग आणि मळ जळतो, बावीस कॅरेटचं चोख करताना घट येते ती वेगळीच. वीस ग्रॅमच्या पोतीची वीस ग्रॅमची चोख लगड होतच नाही. पिंजऱ्यात फिर्यादी बाईंना विचारलं जातं, “ही तुमची पोत आहे का?” समोर पिवळा तुकडा. बाई काय सांगणार? खटला पडतो. तरी तुमचं सोनं परत येईल असं समजू नका, कारण लगड तोपर्यंत बहुधा फिर्यादीच्या ताब्यात गेलेली असते आणि ‘ही माझी’ म्हणायला तुमच्याकडे कागद नसतो. त्या पोराने ज्याला खरंच माल विकला तो मात्र निवांत असतो, कारण त्याचं दुकान वाचवायलाच पोराने तुमच्याकडे बोट केलेलं असू शकतं.

तेव्हा पथक आलं तर दुकानातच बसवा, पाणी द्या, गुन्हा रजिस्टर नंबर आणि पोलीस ठाणं लिहून घ्या, आणि वही पुढे ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रण करायचं आहे, ते विचारा. वस्तू जशी आहे तशीच जप्त होऊ द्या. तीन वर्षांच्या गुन्ह्यात आधी कलम ३५ (३) ची हजर राहण्याची नोटीस देणं हा नियम आहे आणि अटक करायची तर कारणं लिहावी लागतात. अर्णेशकुमारच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालापासून पोलिसांनाही ते चांगलं ठाऊक आहे. शांतपणे विचारलं की बहुतेक अधिकारी नीट उत्तर देतात.

वस्तू मात्र जाणार, हे मनाशी धरून चाला. तुम्ही कितीही सचोटीने घेतलेली असली तरी विकणाऱ्याची जेवढी मालकी तेवढीच तुम्हाला मिळते. वस्तुविक्री कायदा १९३० चं कलम २७ तसं सांगतं, आणि चोराची मालकी शून्य. पैसे बुडाले तरी गुन्हा सिद्ध झाला असं होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करूनच लोक भरून देतात.

भंगाराच्या धंद्यातल्या मंडळींना वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्या मालाला तीन वेगवेगळे कायदे लागतात. साध्या मालाला वर सांगितलं ते गृहीतक. महावितरणच्या तारा किंवा साहित्य असेल तर विद्युत कायदा २००३, कलम १३७. आणि रेल्वेचं असेल तर सगळ्यात कडक. १९६६ चा रेल्वे मालमत्तेचा कायदा सांगतो, की रेल्वेचा माल चोरीचा असल्याचा वाजवी संशय घ्यावा अशा स्थितीत कुणाकडे सापडला, तर तो कायदेशीर मार्गाने आला हे त्या माणसानेच सिद्ध करायचं, नाही तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. नाशिकरोड, मनमाड, इगतपुरी या पट्ट्यात रेल्वेच्या फिशप्लेटचा (रूळ जोडायच्या लोखंडी पट्टीचा) तुकडा लोखंडाच्या ढिगात येणं अवघड नाही. तो वेगळा काढायची सवय लावा, घेऊच नका.

शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२४ आहे. त्यात फिर्यादी कोण हे माहीत नसलं तरी चालतं. माल चोरीचा असावा असं मानायला कारण आहे आणि तुम्हाला समाधानकारक खुलासा देता येत नाही, एवढं पुरतं. मला स्वतःला हे कलम पसंत नाही. एखाद्या गरीब फेरीवाल्याला त्याच्या गाडीवरच्या प्रत्येक बादलीचा हिशेब मागणं आणि मोठ्या गोदामाला मागणं यात फरक आहे, आणि तो फरक हे कलम बघत नाही. पण ते आज पुस्तकात आहे.

‘समजायला पुरेसं कारण’ म्हणजे काय, हे भंगारात जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठेच नाही. निफाड, दिंडोरीकडे विहिरीवरच्या मोटारींच्या केबली रात्रीतून कापून नेतात. द्राक्षबागेला ऐन पाण्याच्या वेळी केबल गेली की शेतकऱ्याचं काय होतं ते इथं सांगत बसत नाही. दोन दिवसांनी तांबं तुमच्या काट्यावर येतं. काळपट, ठिसूळ, वेटोळ्यात राख अडकलेली, जळक्या प्लास्टिकचा वास अजून तसाच. सोलून आणलेल्या तांब्याला जास्त भाव मिळतो आणि जळक्याला कमी, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग एखादा भाव कमी करून घ्यायला का तयार होतो? कारण केबलवर छापलेलं नाव आणि लांबीचे मीटरचे आकडे त्याला नको असतात, जाळलं की ते जातात. असं वेटोळं पहाटे सहाला, मोटारसायकलवर, अर्ध्या भावात, रोख मागून कुणी देत असेल, तर ‘मला वाटलं नाही’ हे न्यायाधीशाला पटवणं माझ्या आवाक्यातलं नाही. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला तेव्हा सगळ्यांना एकाच मापाने मोजलं म्हणून तुमच्यातल्या अनेकांना राग आला. तो राग मला समजतो. पण जळकं तांबं घेणारा एक जण बाकीच्यांना त्याच मापात नेऊन बसवतो.

मोबाइलवाल्यांना निमित्त शोधायलाही जागा उरलेली नाही. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमइआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. ‘केवायएम’ लिहून पुढे तो नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा, किंवा सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. ब्लॅकलिस्ट दाखवला तर परत द्या. ठीक असला तर तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. आणि स्वतःच्या फोनचा पिन ज्याला आठवत नाही अशा माणसाशी भावाची बोलणी कशाला करायची?

सराफांकडे परत येतो. दरवेळी पावती मागा, पावती नसेल तर घेऊ नका, असा सल्ला काही संघटना देतात. मला तो पटत नाही. पेठ-सुरगाण्याकडून येणारी बाई पेरणीसाठी पायातले वाळे मोडायला आणते. ते तिच्या सासूने दिलेले, सासूला कुणी दिले ते देवाला माहीत. तिच्याकडे कुठली पावती? तिला हाकलून दिलंत तर ती त्या दुकानात जाईल जिथे निम्म्या भावात आणि वहीत न लिहिता घेतात. पावती नसली तरी समोर माणूस आहे, त्याला लिहून ठेवा. नाव, गाव, फोन, शेवटचे चार आकडेच दिसतील असा आधार किंवा दुसरं ओळखपत्र, फोटो, सही किंवा अंगठा. वस्तूचा फोटो काट्यावर ठेवून घ्या, काट्यावरचा आकडा दिसेल असा. टंच (सोन्याची शुद्धता), त्या दिवसाचा भाव, कशासाठी मोडतायत ते त्यांच्याच शब्दांत. दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असेल तर बीआयएस केअर ॲपवर बघून तोही उतरवा. मालक कोण ते त्यात कळत नाही, पण कुठल्या दुकानाने हॉलमार्क करून घेतला ते कळतं, आणि एका फोनवर पुष्कळ उलगडतं. पैसे बँकेतून द्या. आयकरात तसंही एका माणसाला एका दिवशी दहा हजारांवर रोख दिलेली खरेदी खर्चात धरत नाहीत. खात्यावर पैसे घ्यायला चोर सहसा राजी नसतो, तेवढ्यावरच काही माल दारातून परत जाईल.

आणि लगेच आटवू नका. पंधरा दिवस तरी दागिना आहे तसा पाकिटात ठेवा, नंबर घालून. भाव पडला तर, असं म्हणाल. तेवढं चोख त्याच दिवशी बाजारात विकून भाव बांधून घ्या, हे मी तुम्हाला शिकवायला नको. ‘अडीच वाजता घेतलं, तीनला आटणीला’ असा व्यवहार कागदावर दिसला की कुठल्याही सरकारी वकिलाला पुढचं काही बोलावं लागत नाही.

कारण कलम नुसतं घेण्याबद्दल नाही, ठेवण्याबद्दलही आहे. दागिना घेताना तुम्ही पूर्ण स्वच्छ होतात असं समजा. चौथ्या दिवशी सराफांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो, गंगापूर रोडवर ओढलेली पोत, वाटीवर असं-असं नक्षीकाम. तुम्ही पाकीट उघडता. तीच आहे. त्या क्षणापासून तुम्हाला माहीत आहे. गप्प बसून ठेवलीत, आटवलीत, मुंबईला पाठवलीत, तर आधीचा सगळा प्रामाणिकपणा वाया. त्याच दिवशी पोलीस ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या, वस्तू आणि वहीतल्या पानाची प्रत द्या. असं करणारा व्यापारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला मी पाहिलेला नाही. साक्षीदार म्हणून पाहिलेत, तेही उन्हाळ्यात तारखांना येऊन कंटाळलेले.

सराफांवर हे कलम लावूच नये, अशी मागणी अधूनमधून होते. निवेदनं जातात, बंदही पुकारले जातात. ती मागणी सोडा. चोरीचा माल घेणारा कुणी नसता तर इतक्या पोती ओढल्या गेल्या नसत्या, हे ज्या बाईच्या मानेवर ओरखडा आहे तिला समजतं. तिच्यापुढे ही मागणी कुठल्या तोंडाने करणार? त्यापेक्षा असं मागा, की चोरी झाल्यावर चोवीस तासांच्या आत दागिन्याचं वर्णन आणि गुन्हा नंबर सगळ्या दुकानांना मिळावा, बाहेरच्या पथकाने आधी स्थानिक ठाण्यात नोंद करूनच बाजारात पाऊल टाकावं, आणि जप्ती वस्तूचीच व्हावी, वजनाची नको. हे देणं पोलिसांनाही अवघड नाही. लगडीच्या पंचनाम्यावर खटले पडतात याचा कंटाळा त्यांनाही आला असेल.

सिंहस्थाआधी तुमच्या संघटनांच्या बैठका होतीलच. त्यात एक तास या विषयाला द्या. बोलावलंत तर मी येईन, फी नको, चहा चालेल. फक्त येताना प्रत्येकाने गेल्या वर्षाचं मोडीच्या खरेदीचं रजिस्टर सोबत आणावं, कोरं असलं तरी.

कळावे,
आपला,
जिल्हा न्यायालयातला एक फौजदारी वकील, नाशिक